लिंबसरच्या विहिरीवरची ओ

आमच्या समोरच्या खोलीत सात वर्षं राहिलेल्या माणसाने मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. वहिनी नाही, काकू नाही, घरमालकीण तर नाहीच. पहिल्याच दिवशी, ट्रंक अजून ओट्यावर होती, घाम पुसायचा होता, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "माहेरचं आडनाव काय तुमचं?"

मी म्हटलं, "लिंबसरे."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघितलं, जणू माझ्या पाठीशी अजून चार माणसं उभी आहेत. म्हणाले, "लई दिवसांनी भेटलं." मी मागे वळून पाहिलं. मागे आमची तुळस होती आणि वाळत घातलेली गोधडी.

तेव्हापासून मी लिंबसरेबाई झाले. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली, रेशनकार्डावर, मतदारयादीत, दारावरच्या पाटीवर यांचं आडनाव, आणि हा माणूस रोज सकाळी ओट्यावरून, "लिंबसरेबाई, पानी आलं का नळाले?" आमचे हे शाळेत क्लार्क होते, रीतीचे पक्के. एकदा चिडलेच. "आप्पा, माह्या घरात राहून माह्याच बायकोले परक्याच्या आडनावानं बोलावता? लोक काय म्हनतीन?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "परकं काऊन? तुमचं आडनाव तिच्याकडं पाहुनं आलं. लिंबसरे आधीचं हाय."

यांनी दोन दिवस आप्पांशी अबोला धरला. आप्पांच्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. आमच्या सगळ्या मोताळा गावाची आडनावं विचारणाऱ्या या माणसाने स्वतःचं कोणाला सांगितलं नाही. भाड्याच्या कागदावरसुद्धा "आप्पा, निवृत्त तलाठी, पिंपळगाव राजा" एवढंच. विचारलं तर म्हणायचे, "सांगतलं तं तुमी मले विसरान." मी तर्क करायची, असेल काही भलतंच. खून झालेल्या घराण्याचं, किंवा उच्चारता न येणारं.

बाजाराच्या दिवशी ते भाजीवाल्यांच्या रांगेत पोतं टाकून बसत. घ्यायचं काही नाही, फक्त विचारायचं. आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्या सलीमला त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देशमुख." बाजूचा कोणी तरी हसला, की बे मुसलमान अन् देशमुख? आप्पांनी त्याला तिथेच अर्धा तास उन्हात उभं करून सलीमच्या पणजोबाच्या पणजोबाची वतनदारी समजावली. सलीम ऐकत राहिला. मग म्हणाला, "आप्पाजी, माझ्या बापालेबी एवढं ठाऊक नव्हतं." त्या दिवसापासून सलीमची ऑटो आप्पांची झाली.

खोलीत त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या होत्या, आणि सुतळ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या. एक चिठ्ठी, एक आडनाव. जी आडनावं अजून कोणी लावतं त्या चिठ्ठ्या सरळ. जी लावणारं कोणी उरलं नाही त्या उलट्या, अक्षरं भिंतीकडे. त्यांना ते "विझलेली" म्हणत. पंखा बंद असतानाही उलट्या चिठ्ठ्या हलत असत. सरळ हलत नसत. मी हे यांना दाखवलं तर हे म्हणाले, खिडकीच्या फटीतून वारा येतो. येत असेल.

मला ताकीद होती, की झाडताना विझलेलं आडनाव मोठ्यानं वाचायचं नाही. आता मला वाचायची सवय. शाळा चौथीपर्यंत, पण शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही मी. आप्पा बाहेर गेले होते, मी झाडू मारत होते. एक उलटी चिठ्ठी फिरून माझ्यासमोर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खडकुंभे."

तासाभरात, ऐन बाराच्या सुमाराला, दारात एक म्हातारी. हातात पितळी तांब्या, पायात काही नाही, लुगड्याला करडी धूळ. म्हणाली, "माय, मले कोनी हाक मारली काय इथून?"

मी म्हटलं, "नाही हो आजी. पाणी घ्या."

ती पाणी प्यायली. मी आप्पांच्या संगतीनं बिघडलेली, विचारलंच, "आजी, आडनाव काय तुमचं?"

"खडकुंभे," म्हणाली, आणि तांब्या उचलून निघून गेली.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं तर ते चप्पल न घालता बसस्टँडवर धावले. सलीमने ऑटो काढून बोराखेडीच्या रस्त्यापर्यंत पाहिलं. कुठं नाही. कोणी पाहिलंही नव्हतं. आप्पा परत आले, ती चिठ्ठी काढून सरळ लावली. मग खाटेवर बसले. "जित्या मानसाले म्या विझवलं होतं, लिंबसरेबाई," म्हणाले. "पुन्हा असं नाही करायचं."

तिथून त्यांनी नियम केला, की गावच्या विहिरीला विचारल्याशिवाय कोणतंच आडनाव उलटं करायचं नाही.

विहिरीचं सांगते. सरकारी दप्तरात काही गावं अशी असतात, की नाव आहे, नकाशा आहे, शिवार आहे, पण राहायला एकही माणूस नाही. कधी पटकीनं, कधी पाण्यावाचून उठून गेलेली. दप्तरात त्यांच्यापुढे "बेचिराख" लिहितात, आपण रीठ म्हणतो. आप्पा तलाठी असताना पीकपाहणीला अशा रिठांवर एकटे उभे राहत. म्हणायचे, "गाव उठून जाते, पन त्याचं नाव मानसाच्या मांगं मांगं जाते. कोनी खामगावात जाऊन त्या नावाचा झाला, कोनी जालन्यात. गाव इथं मेलं, अन् तिकडं आडनाव होऊन जगून राह्यलं."

मग ते आडनाव कुठं कुठं जगतंय हे शोधायला त्यांच्याकडे फिरती वही होती. जाड पुठ्ठ्याची, मेणकापडात शिवलेली. भाषेचा अभ्यास करणारी तीन मोठी माणसं त्यांनी नुसत्या पत्रांवर जोडली होती. एक धारवाडचे, एक तंजावरच्या बाई, एक इंदूरचे. आप्पा वहीत आडनाव लिहून रजिस्टर पोस्टाने धारवाडला पाठवत. ते हिरव्या शाईनं आपली माहिती लिहून तंजावरला, बाई काळ्या शाईनं लिहून इंदूरला, इंदूरचे शिसपेन्सिलनं लिहून परत मोताळ्याला. सही कोणी करायची नाही, दुसऱ्याचं खोडायचं नाही. वही यायला आठ-नऊ महिने लागत. सलीम म्हणायचा, "आप्पाजी, व्हॉट्सॅपवर ग्रुप बनवून देतो न, दोन मिनिटाचं काम हाय." आप्पा म्हणायचे, "दोन मिन्टात जे सांगता येते ते मानूस इचार न करता सांगते."

धारवाडच्या आणि इंदूरच्या गृहस्थांचं बारा वर्षांचं वैर होतं, कुठल्याशा परिषदेत एका आडनावावरून भांडलेले. आप्पांनी मुद्दाम तेच आडनाव वहीत घातलं. हिरव्यानं दोन पानं लिहिली, पेन्सिलीनं खाली तीन. पुढच्या फेरीत हिरव्यानं लिहिलं, "आपले म्हणणे पटले नाही, परंतु गुडघेदुखी कशी आहे?" आप्पांनी ते वाक्य मला चार वेळा वाचून दाखवलं. त्या दिवशी मी शिरा केला.

वहीत काहीच सापडलं नाही, तर मग विहीर. रिठावर देऊळ पडतं, घरं मातीत जातात, विहीर राहते. आप्पा म्हणायचे, गावातलं प्रत्येक आडनाव विहिरीवर येत होतं, बायका एकमेकींना तिथूनच हाका मारत, तिच्याइतकी ओळख दुसऱ्या कोणाला नाही. बारा वाजता, सावली पायाखाली आली की, काठावर उभं राहून आडनावाची हाक तीनदा मारायची. ऐकणाऱ्यांत त्या आडनावाचं कोणी असेल तर त्यानं ओ द्यायची. कोणीच नसेल, तर थांबायचं. नुसता आपलाच आवाज फिरून आला, तर चिठ्ठी उलटी.

"अन् दुसरा आवाज आला तं?" मी विचारलं होतं.

"तं सरळ."

"आलाय कधी?"

आप्पांनी चहाची बशी तोंडाला लावली.

आता माझं सांगते, कारण इथवर मी टाळत आले. लिंबसरेंची चिठ्ठी सुतळीवर कुठंच नव्हती, ना सरळ ना उलटी. ती आप्पांच्या खिशात असायची. आमच्या बापाला आम्ही दोघं, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा वसंता. वसंता एकोणीस वर्षांचा असताना बापाशी भांडला आणि मलकापूरहून गाडीत बसून गेला. कशावरून भांडला तर बैल विकण्यावरून, त्याचा लाडका होता तो बैल. गेला तो गेला. बाप गेला, आई वाट बघून गेली. चुलत घराण्यात कोणी नाही. म्हणजे आडनाव लावणारा उरला तर तो एक. चिठ्ठी उलटी झाली म्हणजे माझा भाऊ मेला, इतकं ते सरळ होतं माझ्यासाठी.

वही दोनदा फिरून आली. लिंबसरे या पानावर तिघांनीही लिहिलं होतं, आढळले नाही. मी आप्पांना म्हटलं, "राहू द्या ना खिशात. उलटी नका करू."

म्हणाले, "खिशात किती दिवस ठेवू? जितं असन तं घुसमटते ना बाई तिथं. मेलं असन तं त्याले जागा नको?"

"मग जाऊ या," मी म्हटलं. "पण मीही येणार."

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस धरला. आमच्याकडे आखाजीला घागर भरतात, पितरांच्या नावानं विस्तवावर आगारी टाकतात, एकेक नाव घेऊन. घरी यांच्या पितरांची आगारी यांनी टाकली, पुरणाचा घास जळाल्याचा वास अजून साडीला होता. माझ्या बापाची आगारी टाकायची ती वसंतानं. मुलगी टाकत नाही. इतक्या वर्षांत कोणी टाकली नव्हती, आणि ते मला दर आखाजीला जेवताना आठवायचं.

सलीमची ऑटो गाडवाटेनं जाईल तितकी गेली, पुढं पायी. लिंबसर हे आमच्या आडनावाचं रीठ, पण तिथं लिंब एकही नाही. टेकाड, त्यावर खापराचे तुकडे, एका चौथऱ्याचा दगड आणि विहीर. ऊन असं की लांबची झाडं पाण्यात असल्यासारखी हलत होती. पाखरू नाही. सोयाबीनची, कपाशीची सगळी शेतं उघडी पडलेली, आणि त्या सगळ्या उघड्यावर आपण फार दिसतोय असं मला वाटत होतं. सलीम एरवी अखंड बडबडणारा, तोही हळूच म्हणाला, "काकू, इथं कोनी तरी आत्ताच उठून गेल्यावानी वाटते."

आप्पा काठावर गेले. टोपी काढली. हाक मारली.

"लिंबसरे होऽऽ!"

विहिरीतून ती हाक फिरून आली, ओलसर होऊन.

"लिंबसरे होऽऽ!"

दुसऱ्यांदा आली ती जरा लवकर आली, असं मला वाटलं. माझी सावली माझ्या पायाखाली होती. मी ओठ घट्ट दाबून धरले होते, हे मी शपथेवर सांगते, कारण मला वाटत होतं की मी चुकून श्वास जरी मोठ्यानं सोडला तरी त्याची ओ ऐकू यायची राहील.

"लिंबसरे होऽऽ!"

आणि ओ आली.

मी वसंताची ओ ऐकली. आई जेवायला बोलवायची तेव्हा तो गोठ्यातून द्यायचा तशी, अर्धी नाकातून, जरा रागातली, शेवटी लांबवलेली. एकोणीस वर्षांच्या पोराची ओ. मी मटकन खालीच बसले.

आप्पांनी टोपी घातली. खिशातून चिठ्ठी काढली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि घड्याळात वेळ बघून मागे काहीतरी लिहिलं. परतताना मी रडत होते, हसत होते. सलीमला म्हटलं, "ऐकलं ना तू? आहे ना तो? आहे!"

सलीमनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "कोन, काकू?"

"ओ दिली ना त्यानं!"

"त्यानं?" सलीम म्हणाला. "काकू, ओ तं तुमीच देली. बाईचा आवाज होता. तुमचाच होता."

मी आप्पांकडे बघितलं. ते बाहेर बघत होते. म्हणाले, "म्या आडनावाले हाक मारली होती. मानसाले नाही."

चिठ्ठी त्यांनी सुतळीवर लावली, सरळ. मागे काय लिहिलं ते मी कधी फिरवून पाहिलं नाही. मला मी ऐकलेली ओ पुरेशी होती. सलीमला काय ऐकू आलं ते सलीमपाशी. आप्पांनी वही तिसऱ्यांदा पाठवली, लिंबसरे हे पान वरती दोऱ्यानं खूण करून. आणि वही तंजावरला असताना आप्पा गेले. आजारी म्हणावं असं काही नव्हतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात दोन दिवस होते, तिसऱ्या दिवशी नाहीत.

दवाखान्यात कागद भरायला आडनाव लागलं. कोणालाच ठाऊक नाही! शेवटी पिंपळगावहून पुतण्या आला. त्यानं सांगितलं, पाटील. नुसतं पाटील. आमच्या जिल्ह्यात चार घरांआड एक. मला त्या रडण्यातही हसू आलं, आणि मग हसता हसता जास्त रडू आलं. खरंच, सांगितलं असतं तर आम्ही विसरलो असतो.

खोली आम्ही भाड्यानं दिली नाही. हे म्हणाले, "राहू दे काही दिवस." तेही दुपारी त्या खोलीत एकटे जात नाहीत, मी बघितलंय.

वही या खेपेला दुप्पट वेळ घेऊन, पावसाळ्यानंतर आली. पोस्टमननं विचारलं, आप्पा नाहीत, कोणाला देऊ? मी सही केली. सही करताना हात थांबला आणि मी लिहिलं, लिंबसरे. पोस्टमननं वही हातात दिली.

खूण केलेलं पान उघडलं. हिरवं, आढळले नाही. काळं, आढळले नाही. खाली पेन्सिल. इंदूरच्या गृहस्थांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गिरणीच्या जुन्या वस्तीत एक विधवा बाई भेटल्या. नवऱ्याने कामावर लागताना मुकादमाचेच आडनाव लावले, तेच मुलीच्या दाखल्यावर गेले. मात्र दर अक्षय तृतीयेला आगारी टाकताना तो वडिलांना एका वेगळ्याच आडनावाने हाक मारी, लिंबसरे. शेवटी एका बैलाचेही नाव घेई. बाईंना वाटे, तोही कोणी पितर असावा. बाईंचे पती वारून सहा वर्षे झाली.

सहा वर्षं. आणि आम्ही विहिरीवर गेलो त्याला आता कुठं दीड वर्ष झालं होतं.

मी वही मिटली. स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, परत आले. मग सुतळीवरची ती चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदा फिरवून मागचं वाचलं. आप्पांचं वळणदार तलाठी अक्षर. "आखाजी, बारा वाजून चार मिनिटे. ओ आली. बाईने तोंड उघडले नव्हते, मी बघत होतो."

म्हणजे सलीमला माझा आवाज आला. आप्पांनी माझे मिटलेले ओठ पाहिले. आणि मी ज्याला ऐकलं तो त्या दिवशी कुठंच नव्हता.

चिठ्ठी उलटी करायची होती आता, नियमानं. लावणारा एकच होता, त्यानंही दुसरं लावलं, आणि तोही गेला. मी चिमटा हातात धरून उभी राहिले. बाकीच्या उलट्या चिठ्ठ्या हलत होत्या. मला खडकुंभे आजी आठवली, पायाला धूळ लागलेली, मले कोनी हाक मारली काय, म्हणणारी. मी चिठ्ठी खिशात टाकणार होते, पण साडीला खिसा नाही. कमरेला खोचली.

यंदाच्या आखाजीला यांना म्हटलं, "घरची आगारी तुम्ही टाका. मी लिंबसरला जाते, बापाची टाकायला. आणि भावाची."

हे म्हणाले, "बाईमानूस आगारी टाकते काय?" मग म्हणाले, "पुरन थंड होईन. डब्यात घालून ने. अन् छत्री ने."

सलीमनं तीन गोवऱ्या पेटवून दिल्या आणि लांब जाऊन उभा राहिला. मी नावं घेतली. बापाचं, आईचं, वसंताचं. बैलाचंही घेतलं. घास जळला. मग सलीमला म्हटलं, "हाक मार."

"म्या?"

"आप्पा नाहीत. तूच मार."

त्यानं टोपीसारखा रुमाल डोक्याला बांधला, काठावर गेला, आणि आप्पांसारखीच लांबवून हाक मारली, "लिंबसरे होऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा. मी या वेळी ओठ दाबले नाहीत. चाळीसच्या वर वर्षं दुसऱ्या आडनावाला ओ दिलेलं तोंड मी उघडलं आणि पोटातून ओ दिली. असा मोठा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. माझ्याच कानाला तो घोगरा, बापासारखा वाटला.

विहिरीनं ती ओ मला परत दिली. मी चिठ्ठीच्या मागे, आप्पांच्या ओळीखाली लिहिलं, "हजर." पेन बंद केलं. सलीम डबा उचलायला वाकला होता.

तेव्हा खालून अजून एक आली. उशिरा, अर्धी नाकातून, जरा रागातली.

सलीमचा हात डब्यावर तसाच राहिला. या वेळी त्यानं, कोन काकू, असं विचारलं नाही.

"चाल," मी म्हटलं. "त्याले जेवू दे."